पाठीमागचा हात

मिरज स्टेशनवर त्या दुपारी माझ्या डाव्या हातात फोन होता, आणि सगळं तिथंच बिघडलं.

आमची पार्टी मला सोडायला आली होती. पार्टी म्हणजे आमचा बँड. एके काळी लाल कोट घालून माणसं उभी राहिली की रस्ता अडायचा, आता ओंजळभर उरली आहेत आणि त्यातली निम्मी नातवंडं सांभाळतात. तरी सगळे कोटाला इस्त्री करून फलाटावर हजर. मी म्हटलं, अरे, मी काय सासरी चालले का? तर ढोलवाला म्हणाला, "वहिनी, सासरी जाताना तुमचं कुणी वाजवलं नव्हतं. राहिलेलं आज घ्या."

आता आमचा एक रिवाज सांगते, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. कार्यक्रमातलं शेवटचं गाणं आमची पार्टी कधीच पुरं करत नाही. शेवटची ओळ ठेवायची. माझे सासरे म्हणायचे, "ओळ ठेवली की पुढची सुपारी येते. पुरी केली की झालं, दुकान बंद." लोकांना वाटायचं वाजवणारे दमले. पण थांबायचं कुठं ते पार्टीला म्होरक्यानं सांगायचं असतं. म्होरक्या वरातीत सगळ्यांच्या पुढं, तोंड लोकांकडं आणि पाठ पार्टीकडं. म्हणून तो डावा हात पाठीमागं घेतो आणि मूठ मिटतो. मूठ दिसली की क्लॅरनेट थांबतं, मग सगळे थांबतात. नवरा गेल्यापासून आमच्या पार्टीची म्होरकी मी.

त्या दुपारी गाणं शेवटाला आलं आणि नीताचा फोन आला. माझी लेक. "आई, डब्यात बसलीस का? खालचाच बर्थ आहे ना?" उजव्या हातात पिशवी, डावा हात कानाला. हुसेनभाई क्लॅरनेट वाजवत माझ्या पाठीकडं बघत होते, मूठ कधी येते म्हणून. मूठ आली नाही. आणि ते वाजवत राहिले. ओळ गेली, उतरली, घरी येऊन बसली. पुरी झाली.

ढोलवाल्याची काठी वरच राहिली. कुणी कुणाकडं बघेना. हुसेनभाईंनी क्लॅरनेट खाली घेतलं आणि एवढंच म्हणाले, "वहिनी, मूठ दिसली नाही."

तेवढ्यात गाडी हलली. मला कुणीतरी डब्यात चढवलं. खिडकीतून हात करायचा तर तोही होईना. कारण मी बेंगळुरूला कशाला चालले होते? गळ्याच्या ऑपरेशनला. गाणारी बाई, गळ्यात गाठ, आणि निघतानाच शेवटची ओळ पुरी. तुम्हाला हसू येत असेल तर हसा. माझ्या पोटात जो गोळा आला तो रेल्वेत बसला, बेंगळुरूला माझ्याबरोबर उतरला आणि लेकीच्या घरात माझ्याच खोलीत राहिला.

पार्टीत मी आले ती गाणारी म्हणून. हातगाडीवर बॅटरी, तिच्यावर भोंगा, आणि गाडीच्या पुढं माइक धरून मी. नवरा ट्रम्पेट वाजवायचा आणि म्होरक्या होता. माझी आई म्हणायची, "गा बाई, पण म्होरं उभी राहू नकोस. म्होरं उभ्या बाईला सगळं गाव बघतं." तिचं मी बरीच वर्षं ऐकलं. मग ऐन लग्नसराईत नवरा गेला. छातीत कळ आली आणि संपलं. दिवस सरले तेव्हा सासऱ्यांनी त्याचा लाल कोट माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "सुपाऱ्या घेतल्यात, पोरी. चढव."

कोट गुडघ्यापर्यंत आला. पहिली वरात इचलकरंजीत होती. ट्रम्पेटवाले दोघं आधीच बोलले होते की बाईच्या हातावर आम्ही वाजवणार नाही. मी भोंग्याच्या पुढं उभी आणि दातखीळ बसलेली. सासरे गर्दीतून वाट काढत आले आणि माझ्या कानात म्हणाले, "भीती पोटात ठेव. हातात उतरली की पार्टीला दिसते. पुढनं लोक काय बघतात ते सोड. मागनं आपली माणसं बघत असतात."

मी डावा हात मागं घेतला. एक बोट म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. दोन बोटं म्हणजे अंतऱ्यावर चला. उघडा पंजा म्हणजे हळू. आणि मूठ. हुसेनभाई तेव्हा तरणे होते. त्यांचं क्लॅरनेट पहिल्यांदा माझ्या बोटामागं आलं, मग बाकीचे आले. ट्रम्पेटवाले सर्वांत शेवटी आले, तोंड वाकडं करून, पण आले.

मग दिवस आले ते काय सांगावे. वराती, जत्रा, गणपती, साखर कारखान्यात गाळपाची पहिली मोळी टाकायची असली की आम्हीच. नवरदेवाचे मित्र माझ्यासमोर नाचत मागं जायचे आणि मी त्यांच्या मागं मागं पुढं जायची. माझा आवाज भोंग्यातून तीन गल्ल्या पलीकडं ऐकू यायचा, म्हाताऱ्या बाया दारात येऊन म्हणायच्या, आली बघ ती लाल कोटवाली. असा मी वर्षानुवर्षं रस्ता पुढं ढकलत नेला. मग डीजे आले. भिंतीएवढे स्पीकर, एक पोरगं आणि एक पेन ड्राइव्ह. पेन ड्राइव्हला घसा बसत नाही, चहा लागत नाही, आणि त्याच्या घरी कुणी मरत नाही. आमच्या सुपाऱ्या एकेक करून गेल्या. उरलो ते हट्टानं.

नीता तोवर इंजिनिअर होऊन बेंगळुरूला गेली होती. पुण्याच्या मंदारशी लग्न केलं, सर्जापूर रोडला फ्लॅट घेतला. लहानपणी तिला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून मी तिला हातगाडीवर बॅटरीच्या मागं बसवून न्यायची. ती कानात कापूस घालून बसायची. मोठी झाली तशी ती एकदाही आमचं ऐकायला आली नाही. मी समजून घेतलं. पोरीला आमचा बँड नको होता, कापूस तेच सांगत होता. मनात मात्र ते एक कुसळ राहिलं.

गाठ तिनंच पाहिली, व्हिडिओ कॉलवर. "आई, पदर जरा बाजूला घे. गळ्याला काय आहे?" मला वाटलं गाऊन गाऊन गळा जाड झाला. तिचं म्हणणं, इकडंच ये, इथंच ऑपरेशन करू, आणि आता परत जायचं नाही. शेजारपाजारच्यांना नवल. मिरजेला दवाखान्यासाठी मुलखातनं माणसं येतात आणि ही मिरजेची बाई निघाली बेंगळुरूला. मी म्हटलं, मिरजेत डॉक्टर आहेत हो, पण ऑपरेशननंतर पाणी द्यायला माणूस नाही. भाड्याची खोली सोडली. भांडी वाटली. कोटांची पेटी हुसेनभाईंकडं गेली. बिऱ्हाड मोडायला किती कमी वेळ लागतो, बाई. उभं करायला जन्म गेला होता.

बेंगळुरूत मी आधी घाबरले ती घरातल्या बोलण्यालाच. नीता एका खोलीत, मंदार दुसऱ्या खोलीत, दोघंही दिवसभर बोलतात, पण माझ्याशी नाही आणि एकमेकांशीही नाही. कानाला हेडफोन, समोर लॅपटॉप. मधूनच कुणीतरी कुणाला तरी म्हणतं, "यू आर ऑन म्यूट." मी कूकरची शिट्टी होऊ नये म्हणून गॅसपाशी उभी. खाली उतरावं तर सगळे टॉवर सारखे, लिफ्ट सारख्या, दारं सारखी. भाजीवाला कन्नडमध्ये बोलतो, वॉचमन कुठल्या कुठल्या हिंदीत. मी दोन शब्द शिकले, स्वल्प आणि सरी. थोडं आणि बरं. त्या दोन शब्दांवर माझा बाजार चालला.

सावित्रीअक्का मला बागेतल्या बाकावर भेटल्या. मी हुसेनभाईंशी फोनवर बोलत होते ते त्यांनी ऐकलं. "तुम्ही मराठी काय? कुठल्या?" म्हटलं मिरजेची. "मिरज म्हणजे रेल्वे बदलायची जागा. सरी, सरी." मला राग आला आणि हसूही आलं. अक्कांचं घराणं कैक पिढ्यांपासून बेंगळुरूतच. घरात मराठी, पण तिच्यात निम्मं कन्नड. मी आपलं म्हटलं, ऑपरेशन झालं की बघू, जाईन परत. त्या म्हणाल्या, "आमची लोकं इथं घोड्यावर बसून आली. ती पण तेच म्हणत होती. अजून गेली नाहीत." हे ऐकून मला धीर यावा अशी त्यांची समजूत असावी. मला रात्रीचं जेवण गेलं नाही.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी नाकातून बारीक नळी घातली, गळ्यात कॅमेरा. तरुण मुलगी होती, नीतापेक्षाही लहान. समोरच्या पडद्यावर दोन पांढऱ्या पट्ट्या दिसल्या, नखाएवढ्या, उघडत मिटत होत्या. "आंटी, ये आपकी आवाज है. ईऽऽ बोलिए." मी म्हटलं, कौनसी पट्टी में? डॉक्टर हसली. नीता हसली नाही. मला तर रडूच आलं. एवढ्याशा दोन पट्ट्यांवर मी इतकी माणसं पोसली, नवऱ्याच्या मागं पोरगी शिकवली, आणि त्या नखाएवढ्या. मग डॉक्टरनं सांगितलं की गाठीच्या अगदी शेजारून आवाजाची नस जाते. जपून काम करतो, बहुतेकांचा आवाज नीट राहतो, पण सांगून ठेवायला लागतं.

ते सांगून ठेवणं माझ्या कानात बसलं. मी गाणं बंद केलं. मनातल्या मनात सुद्धा गाणं शेवटाला येऊ लागलं की मी उठून नळ सोडायची, काहीतरी भांडं घासायची, म्हणजे पुरं व्हायला नको. नीता विचारायची, आई, सारखी भांडी का घासतेस? काय सांगणार तिला? इंजिनिअर पोरगी, फलाटावरच्या एका ओळीला घाबरलेय असं सांगितलं तर आईला वेड लागलं म्हणेल.

अक्कांना मात्र सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आमच्यात गावाला निघताना शेवटचा घास ताटात ठेवतात. घास संपवला तर माणूस परत त्या ताटावर येत नाही म्हणत्यात. मी का हसू?" मग स्वल्प विचार करून म्हणाल्या, "ज्यानं पुरं केलं त्याच्याकडनंच मोडून घ्या. दुसऱ्याला जमत नाही ते." पण हुसेनभाईंना मी कुठल्या तोंडानं सांगू? त्या माणसानं मूठ दिसेपर्यंत वाजवायचं, एवढंच केलं होतं. मी बोलले असते तर त्यांनी स्वतःला दोष लावून घेतला असता.

ऑपरेशन झालं. डोळे उघडले तेव्हा समोर तीच डॉक्टर. "आंटी, नाम बताइए." मी तोंड उघडलं. माझं नाव, विजया, लहानपणापासून सांगत आले ते. आणि नुसती हवा आली. पुन्हा केलं, पुन्हा हवा. मी नीताकडं पाहिलं. तिनं चेहरा असा धरला होता, जसा वरातीत कुणी पडलं तर आम्ही धरायचो, वाजवणं चालू ठेवून.

डॉक्टर म्हणाली नस तुटलेली नाही, दमलीय, सुजलीय. येईल. कधी, ते सांगता येत नाही. जोर लावायचा नाही, कुजबुजायचं सुद्धा नाही. गाठ साधी निघाली. मंदारनं पेढे आणले, सगळ्यांनी खाल्ले. मी पण खाल्ला, आणि मला त्या पेढ्याची भीती वाटली. कसला आनंद करताय रे, दुकान बंद झालंय माझं.

आवाज नसलेल्या माणसाला घर किती मोठं होतं ते मला तेव्हा कळलं. इंटरकॉम वाजला की माझ्या काळजात धस्स व्हायचं. उचलला तर खालून वॉचमन "हलो, हलो मॅडम" करतोय आणि माझ्याकडं हवा. एका दुपारी नीता मारतहळ्ळीच्या ऑफिसला गेली होती. मी दूध आणायला खाली उतरले, वर येताना लाइट गेली आणि लिफ्ट मध्येच थांबली. अंधार. जनरेटर लगेच लागतो एरवी, त्या दिवशी लागला नाही. मी घंटीचं बटण दाबलं. भिंतीतून एक माणूस कन्नडमध्ये विचारायला लागला, कोण आहे, कुठल्या मजल्यावर. मी तोंड उघडलं, मिटलं. तो विचारत राहिला. मग तो पण थांबला. कुणी नाही असं त्याला वाटलं असणार.

तीन गल्ल्या आवाज जाणारी मी. त्या पेटीत उभी राहून मला माझं स्वतःचं रडणं ऐकू येईना. खरंच सांगते, मला वाटलं ओळ पुरी झाली ती अशी. माझ्या हातात घराची किल्ली होती. मी ती लिफ्टच्या दारावर मारायला लागले. आधी कशीही, मग हाताला सवय म्हणून वरातीचा ठेका पडला. दूध सांडलं, पायात आलं, मी मारतेय आपली. केव्हातरी बाहेरून अक्कांचा आवाज आला. "विजयाताई? तुम्हीच काय? स्वल्प थांबा, भिऊ नका, बोलावलंय मी." जनरेटर लागला, लिफ्ट हलली. दार उघडलं तेव्हा अक्कांनी माझी किल्लीची मूठ सोडवायचा प्रयत्न केला. ती सुटेना.

संध्याकाळी नीता आली ती अक्कांकडून सगळं ऐकूनच. ती रडत होती आणि बोलत होती, दोन्ही एकदम. मी नोकरी सोडते, बाई ठेवते, तुला मी इथं आणलंच कशाला, तू एकटी खाली गेलीसच का. तिचे शब्द एकमेकांवर चढत होते. मी ओट्याकडं तोंड करून उभी होते, तिच्याकडं बघवत नव्हतं. बोलता येत नव्हतं. माझा डावा हात आपोआप पाठीमागं गेला आणि पंजा उघडला.

नीता गप्प झाली.

"हळू," ती म्हणाली. "पंजा म्हणजे हळू."

मी वळले. तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडं पाठ करून डावा हात मागं घेतला. एक बोट, दोन बोटं, पंजा, मूठ. एकही चुकलं नाही.

"आई, मी कुठं बसायचे? बॅटरीच्या मागं. बाकीच्या पोरांना आईचं तोंड दिसायचं, मला तुझी पाठ दिसायची आणि हा हात. मला तुझा चेहरा उशिरा कळला, हात आधी."

मी कानाला हात लावून दाखवला. कापूस.

"भोंगा कानाशी असायचा गं. दुखायचं. गाणं नको म्हणून नाही." मग तिनं माझी मूठ हातात घेतली, लिफ्टमध्ये सुटत नव्हती तीच. "आणि एक सांगू? तू घाबरलीस की तुझा अंगठा आत जायचा. पार्टीला मूठ दिसायची. मला अंगठा दिसायचा. आज काय होतंय म्हणून मी पण घाबरून बसायचे."

सासऱ्यांनी सांगितलं होतं, भीती हातात उतरू देऊ नकोस. मला वाटलं होतं मी ते आयुष्यभर पाळलं. आणि ही चिमुरडी बॅटरीच्या मागं बसून सगळं बघत होती. मी तिला पोटाशी धरलं. मग ते स्टेशनवरचं मी फोनवर टाइप करून तिला दाखवलं, मोडकंतोडकं. तिनं दोनदा वाचलं. हसली नाही, मला वेडी म्हणाली नाही. माझा फोन घेतला आणि सरळ हुसेनभाईंना लावला.

हुसेनभाई, तुम्ही त्या दिवशी जे बोललात ते इथं सगळ्यांसाठी लिहिते, रागावू नका. तुम्ही म्हणालात, "वहिनी, तुम्ही बोलू नका, मीच बोलतो. त्या दुपारपास्नं क्लॅरनेट पेटीत आहे. तुमचा आवाज गेला हे ऐकलं आणि मला अन्न जाईना. मी बिगरमुठीचं वाजवत गेलो." म्हणजे मी इकडं तुम्हाला जपत होते आणि तुम्ही तिकडं त्याच ओळीखाली पिचत होतात. "ते मोडून घेऊ," तुम्ही म्हणालात. "पुन्हा वाजवतो. तुम्ही मूठ दाखवा."

रविवारी सकाळी पार्टी हुसेनभाईंच्या दारात जमली, कोट घालून. इकडं नीतानं फोन स्टँडला लावला. मी बाल्कनीकडं तोंड करून उभी राहिले, खाली सर्जापूर रोडची गर्दी, पाठ फोनकडं. अक्का चहाचा कप घेऊन सोफ्यावर. मंदारनं आपण होऊन पंखा बंद केला.

गाणं सुरू झालं. फोनमधून येत होतं, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं, तरी ते आमचंच. शेवटाला आलं. नेहमीच्या जागी मी मूठ मिटली. क्लॅरनेट पुढं गेलं. ओळ उतरली आणि घरी येऊन बसली.

पुन्हा पुरी.

मी मटकन खाली बसले. तिकडं गलका, ढोलवाला म्हणतोय मूठ आलीच नाही, हुसेनभाई म्हणताहेत आली पण नंतर आली. आता दोनदा पुरी झाली. माझ्या तोंडचं पाणी पळालं, अक्कांनी सुद्धा कप खाली ठेवला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो असा फोनच्या आत पण येऊन बसतो.

नीता मात्र कपाळाला हात लावून उभी. "अगं, उशीर होतोय," ती म्हणाली. "तुला ऐकू येतं ते त्यांनी आधीच वाजवून झालेलं असतं. आणि तुझी मूठ त्यांना आणखी उशिरा दिसते. माझी रोजची मीटिंग अशीच असते, सगळे एकमेकांच्या मागं बोलतात. तू आधी दे. अर्धी ओळ आधी."

अर्धी ओळ आधी. जिथं थांबायचं नसतं तिथं. सगळ्या हयातीत माझ्या हातानं तिथं मूठ केली नव्हती. मी मान हलवली, मला जमणार नाही. नीता फोनच्या मागं जाऊन उभी राहिली, म्हणजे बॅटरीच्या मागं बसायची तशीच. "तू तिकडं बघ. मी सांगते कधी."

एक बोट दाखवलं. पुन्हा पहिल्यापासून. हुसेनभाईंचा श्वास तुटत होता, वय झालं त्यांचंही. अंतरा गेला. शेवट आला. माझा कान म्हणत होता अजून नाही, अजून नाही. हात मागं होता आणि आता मला माहीत होतं की तो कुणाला तरी दिसतोय.

"आता," नीता म्हणाली. आणि मग, "अंगठा बाहेर काढ, आई."

मी अंगठा बाहेर काढला आणि मूठ मिटली.

क्लॅरनेट माझ्या कानात वाजतच राहिलं. मी डोळे गच्च मिटले. चुकलं, हेही चुकलं, आता तिसऱ्यांदा. आणि जिथं थांबायचं असतं तिथं, अगदी तिथं, ते थांबलं. ढोल थांबला. पंखा बंद होता. खाली कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. मिरजेहून हुसेनभाईंचा ओला आवाज आला, "राहिली, वहिनी. ओळ राहिली."

ती राहिलेली ओळ घ्यायला माझा गळा आपला आपण हलला. मी टाक्यांच्या जागेवर बोटं ठेवली. बोटांना काहीतरी लागलं, बारीक, खरखरीत, दाराच्या बिजागरीसारखं, पण हवा नव्हती ती. मी ती ओळ म्हटली नाही. तिथंच ठेवली.

भीती गेली असं नाही. डॉक्टर म्हणते हळूहळू येईल, कुठपर्यंत येईल ते माहीत नाही. वरचे सूर बहुतेक गेले. लिफ्टमध्ये मी अजून जीव मुठीत धरून उभी राहते. मिरजेहून पार्टी विचारते, वहिनी, परत कधी येणार? माझी खोली दुसऱ्याला गेली, दारात कुणाच्या तरी चपला असतील. लेकीकडं आलेल्या माझ्यासारख्या बाया बागेत भेटतात, त्याही हेच बोलतात, तिकडचं घर, तिकडचं घर. मी आता नुसतं ऐकते. मी आयुष्यभर लोकांकडं तोंड करून घर चालवलं आणि समजले, घर समोर आहे. ते मागं बसलेलं होतं, कानात कापूस घालून. आता ज्या घरात माझा आत गेलेला अंगठा कुणाच्या तरी नजरेला पडतो, ते माझं घर.

आज सकाळी नीताची मीटिंग होती. हेडफोन लावून ती खोलीकडं निघाली, मी डायनिंग टेबलाशी डॉक्टरांनी दिलेला व्यायाम करायच्या बेतात बसलेली, तोंड उघडायला घाबरत. ती दारात थांबली. वळली नाही. पाठ माझ्याकडं, डावा हात मागं घेतला आणि एक बोट दाखवलं. मग दार लोटून घेतलं.

पुन्हा पहिल्यापासून. मी खालची पट्टी धरली आणि सुरू केलं.